पोटातला पाणकर

सरांनी बोलावलं म्हणून आलो, पोट्टेहो.
खडू धरून चाळीस वर्षं झाली,
फावडं धरून काल संध्याकाळ.
मले विज्ञान येत नाई.
मले पाणी येते.

आपल्या तलावाचा मी पाणकर.
रोवण्याच्या दिवसांत तुडूम उघडतो,
नहरातलं पाणी बांध्याबांध्यांत सोडतो,
कोणाची बांधी तहानली, कोणाची तुंबली,
रात्री बॅटरी घेऊन पारीवरून पाहतो.

आता शर्ट वर करा. नको, नको, हसू नका,
नुसता हात ठेवा, बेंबीच्या चार बोटं वर.
पुढं आहे जठर, भाताचं गाठोडं.
त्याच्या पाठीमागं, कण्याजवळ,
आडवं निजलं आहे एक,
तुमच्या वितीएवढं,
मक्याच्या कणसासारखं दाणेदार, पण मऊ.
त्याचं नाव... आचल, काय ते नाव?

"स्वादुपिंड."
तिसऱ्या रांगेतून. मान खालीच.

हां. नाव गोड, चव कोणी पाहिली नाई.

त्याले कामं दोन.
जठरातून आंबट झालेला घास खाली उतरला
की हे आपला रस सोडते.
आंबटपणा मारते,
वरणातली डाळ, भाजीतलं तेल, भाताचा कण
सोडवून सोडवून इतकं बारीक करते
की आतड्याच्या भिंतीतून पाझरावं.
हे काम कोणाले दिसत नाई.
ढेकर मात्र सगळ्याईले ऐकू येते.

दुसरं काम माझ्या धंद्याचं.
भाताची होते साखर,
साखर येते रक्तात.
रक्त म्हणजे नहर.
आन हात, पाय, काळीज,
अंगातली एकेक पेशी म्हणजे एकेक बांधी,
चारी बाजूनं धुरा.
नहर कितीबी भरून वाहो,
धुऱ्याले तोंड पाडल्याशिवाय पाणी शिरते का?
तुम्हीच सांगा.
मग स्वादुपिंड आपला पाणकर धाडते.
त्याचं नाव इन्सुलिन.
तो रक्तातून हिंडते, पेशीजवळ थांबते,
तोंड उघडते, साखर आत,
आन तुम्ही कबड्डीत उडी मारता.

माझ्या आचलच्या अंगात
राखणदारांनी घोळ केला.
असतात सगळ्याईच्या अंगात, रोगाले हाकलणारे.
त्यांनी पाणकराचंच घर चोराचं समजून मोडलं.
काहून? नागपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
पुरतं अजून कोणालेच माहीत नाई.
लाडू जास्त खाल्ले म्हणून नाई.
कोणाच्या नजरेनं नाई.
शेजारी बसल्यानं लागत बी नाई.

नहर तुडुंब, बांध्या कोरड्या.
पोरगी पाणी पाणी करे,
रात्री पाच पाच खेपा उठे,
खाऊन खाऊन वाळत गेली.
मी, तीस वर्षांचा पाणकर,
घरातली कोरडी बांधी मले दिसली नाई.

आता पाणकर सुईतून जाते. रोज चार वेळा.
त्याच्या बाटल्या आमच्या घरी मडक्यात राहतात,
मडक्यात मडकं, मधात ओली रेती,
लाइन गेली तरी गार.

एक ध्यानात ठेवा.
कधी तुडूम जास्त उघडते, नहर आटते.
खेळता खेळता ती गप्प झाली,
घामेजली, हात थरथरले,
तर विचारत बसू नका.
सरांच्या टेबलात साखरेचा डबा आहे.
तोंडात द्या, सरांले हाक मारा.

भोजराजनं हात वर केला:
"काका, आमच्या पोटातल्या पाणकराले मजुरी किती?
तुम्हाले तर धान भेटते."

वर्ग हसला. मीबी हसलो.
म्हणलं, काईच नाई.
आपण निजलो तरी तो जागते,
आन आजवर कोणी त्याले विचारलं बी नाई.

तेव्हा आचलनं मान वर केली.
"माझ्यावाल्याले लागते, बाबा," ती म्हणाली,
"घड्याळ."

भाताची घंटा झाली.
ती पिशवी घेऊन खिडकीजवळ गेली.
तिच्या मागं भोजराज,
ताट हातातच ठेवून,
सुई पाहायले.